खाऱ्या विहिरीचं घर

फार फार मागची गोष्ट. जहाजं शिडांवर चालायची आणि परदेशी जायचं तर आधी वाऱ्याला विचारावं लागायचं, तेव्हाची.

एका राज्यात एक कुंभारीण होती. नवरा केव्हाच गेला होता. एक मुलगा, एक सून आणि दोन नातवंडं एवढा तिचा संसार. एकदा राजाला तळं हवंसं वाटलं आणि त्याने ते नेमकं तिच्या मातीच्या खाणीवर बांधलं. कुंभाराची मातीच पाण्याखाली गेली, मग उरलं काय? बाईने राहतं घर विकलं, आलेलं सोनं कमरेला बांधलं, चाक मुलाच्या डोक्यावर दिलं आणि सगळ्यांना घेऊन गलबतात बसली. उतरली ती समुद्रापलीकडच्या एका बंदराच्या शहरात.

शहर देखणं होतं. डोंगराच्या उतारावर वरची आळी, समुद्राला लागून खालची आळी. पण तिथला एक नियम होता. परक्याने स्वतःचं घर घ्यावं आणि खुशाल राहावं. वारा फिरेपर्यंत घर झालं नाही, तर मात्र परतीच्या गलबतात बसावं. वारा फिरायला थोडेच दिवस राहिले होते, आणि परत जाण्यासारखं मागे काहीच नव्हतं.

त्या शहरात एक दलाल होता. खालच्या आळीतली घरं आधी स्वतः घ्यायचा आणि मग परक्यांना विकायचा. गोड बोलायचा, आणि तेही समुद्र ओलांडून आलेल्या आपल्याच लोकांच्या भाषेत. आपल्या लोकांची एक रीत त्याने बरोबर हेरून ठेवली होती. आपल्याकडे घराचा सौदा ठरला की गूळ-पाणी होतं. एकदा गूळ तोंडात गेला की शब्द गेला, मग पाठ फिरवायची नाही. म्हणून हा दलाल काय करायचा? परका माणूस घर बघायला आला की पाहुणचार म्हणून आधीच त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा.

एक दिवस म्हातारी धर्मशाळेत नातवंडांना जेवू घालत होती, तेव्हा मुलगा एकटाच घर बघून आला. येऊन खांबाला टेकून उभा राहिला.

"आई, मी गूळ खाल्ला."

"कोणाच्या हातचा?"

"दलालाच्या. खालच्या आळीत. उन्हातून गेलो होतो, त्याने हातावर ठेवला, मी तोंडात टाकला. लगेच म्हणाला, शब्द पक्का. पण घर चांगलं आहे. नुकता चुना दिलाय. खिडकीतून समुद्र दिसतो."

"समुद्र दिसतो ते कळलं. पाणी कसं आहे?"

"प्यालो की. गोड होतं."

"कुठून काढलं?"

"तो तांब्या घरून घेऊन आला होता."

"घर विकायला निघालेला माणूस पाणी घरून आणतो," म्हातारी उठत म्हणाली. "चल, दाखव तुझं घर."

दलाल ओट्यावर बसलेलाच होता. "या आत्याबाई, आपल्याच घरात या," म्हणाला.

म्हातारीने ना खिडकी बघितली, ना चुना. ती सरळ मागच्या अंगणात गेली, विहिरीत पोहरा सोडला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. तिने पोहरा तसाच उचलून आणला आणि दलालासमोर ठेवला.

"पी."

"मला तहान नाही, आत्याबाई."

"तहानेसाठी नाही म्हणत. गूळ तुला आठवला, पाणी नाही आठवलं? आमच्यात पाणी त्याच घरच्या विहिरीचं असतं, आणि आधी विकणारा पितो. मगच शब्द पुरा होतो."

एव्हाना शेजारच्या दारांतून माणसं डोकावू लागली होती. सगळी आपलीच, समुद्र ओलांडून आलेली. त्यांतला एक सुतार हळूच म्हणाला, "बाई, आम्हीही असाच गूळ खाल्ला. शब्द गेला, आता काय करायचं? बायका वरच्या आळीतून पाणी वाहतात."

दलाल हसला. "आत्याबाई, ही तुमच्या गावची रीत. या शहरात ती चालत नाही."

"चालत नाही?"

"नाही."

"मग गूळही चालत नाही," म्हातारी म्हणाली. "माझ्या मुलाने नुसता गोड खाऊ खाल्ला. चल रे, निघू आपण."

दलालाचं हसू गेलं. "निघाल, पण जाल कुठे? परक्यांनी खालच्या आळीतच घर घ्यायचं, ही आमची रीत आहे. वर तुम्हाला कोणी उभं करणार नाही. दोन-चार दिवसांत वारा फिरेल, मग बसा गलबतात."

मुलगा घाबरला. "आई, घेऊन टाकू. पाणी मी वाहीन."

"तू वाहशील. मग तुझी मुलं वाहतील, मग त्यांची," म्हातारी म्हणाली. "खाऱ्या पाण्यात मळलेल्या मातीचं मडकं वाळलं की त्यावर मीठ फुटतं. मी काय विकू, आणि या पोरांना काय खाऊ घालू? त्याची रीत आपण पाळायची, आणि आपली रीत त्याने फक्त आपल्याला बांधण्यापुरती उचलायची, हे मला मान्य नाही. परत जायची वेळ आली तर ताठ मानेने जाऊ."

आणि ती वरच्या आळीकडे चढू लागली. दलालही मागोमाग आला.

वरच्या आळीत एका जहाजवाल्याची विधवा राहायची. तिला घर विकून लेकीकडे जायचं होतं. म्हातारीला तिथली भाषा तोडकीमोडकी येत होती. तिने दारातूनच सांगितलं, "बाई, मला घर हवंय. पण आधी तुमच्या विहिरीचं पाणी तुम्ही पिऊन दाखवा."

विधवेला गंमत वाटली. तिने पाणी काढलं, घटाघटा प्यायली, आणि उरलेलं म्हातारीच्या हातात दिलं. "रोज हेच पिते. त्यात दाखवायचं काय?"

दलाल दारातून ओरडला, "परक्याला घर दिलंस तर सगळी आळी तुझ्याशी बोलणं टाकेल."

"मालक बुडाले त्याला तीन वर्षं झाली," विधवा म्हणाली. "तेव्हापासून आळी माझ्याशी बोललीय कधी?"

म्हातारीने कमरेचं सोनं सोडलं. सौदा तिथेच झाला.

वारा फिरला, गलबतं गेली, आणि कुंभारणीचं बिऱ्हाड शहरातच राहिलं. वर्षभर वरच्या आळीतलं कोणी तिच्या दाराशी थांबलं नाही. म्हातारी म्हणायची, "नका थांबू. मी तुमच्या ओळखीवर घर घेतलेलं नाही." आणि भट्टी पेटवायची.

पण खालच्या आळीने सगळं पाहिलं होतं. सुताराने आपल्या विहिरीचा पोहरा उचलला आणि दलालाच्या ओट्यावर नेऊन ठेवला. त्याच्यामागे बाकीच्या घरांतले लोक आले. म्हणाले, "पी, नाहीतर घर परत घे आणि आमचं सोनं आम्हाला दे." रोज सकाळी पोहरे घेऊन यायचे, नि तो पिईपर्यंत उठायचे नाहीत. नवं गिऱ्हाईक ओट्याकडे फिरकेना. शेवटी दलालाने एकेक घर परत घेतलं. ती माणसं वर चढली आणि तिथेच घरं घेऊन राहिली. एकाला हाकलता येतं, एवढ्यांना कोण हाकलणार? दलालाकडे खाऱ्या विहिरींची सगळी आळी उरली, आणि ती घ्यायला कोणी आलं नाही.

बोध असा: जी रीत एकालाच बांधते आणि दुसऱ्याला मोकळं सोडते, तिच्यापुढे मान वाकवू नये.