परक्या मुठीवरचा ससाणा

“डोडो नामशेष झाला, तो मूर्ख होता म्हणूनच ना, उस्ताद?”

टेकडीच्या माथ्यावर वृद्ध बाजदार दस्तगीरमियाँ ससाण्याच्या पायांतील चामडी वाद्या सैल करीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण हा डोडो?”

“दूरच्या एका बेटावरचा पक्षी. उडता येत नव्हतं. गलबतं किनाऱ्याला लागली, तर हा आपणहून खलाशांसमोर चालत गेला! त्यांनी सोटे घातले. कुठं तो बावळट, अन् कुठं हा माझा ससाणा!”

“माणूस आधी पाहिला नसेल त्यानं.”

“म्हणून भ्यायचंही नाही?”

उस्तादांनी दुसरी वादी सैल करायला घेतली.

संस्थानी काळातील बाजदारांचा रिवाज असा : हिवाळ्यात धरलेला ससाणा हंगामभर शिकवावा आणि चैत्रात टेकडीवरून रानात सोडून द्यावा. सुटलेला पक्षी रानात जगेल अशी खात्री पटली, तरच उस्ताद आपला हातमोजा शिष्याला देत. कॉलेजात शिकलेला रंगराव त्या मोज्यासाठी आला होता.

“तुझ्या एकट्याच्याच मुठीवर येतो ना हा?”

“एकट्याच्या? जत्रेत येईल त्याच्या मुठीवर बसवला मी याला. बाकीच्यांचे पक्षी परका माणूस दिसला की फडफडतात. याची भीती मी मुळापासून काढली, उस्ताद.”

दस्तगीरमियाँची बोटे थांबली.

टेकडीच्या पायथ्याने एक मेंढपाळ चालला होता. उस्तादांनी त्याला हाक दिली.

“बाबा, जरा मूठ पुढं धर!”

“चावंल का त्यो?”

“चावला तर बरंच होईल.”

त्यांनी वाद्या सोडल्या. ससाणा उंच गेला. त्याने एक घिरटी घातली, आणि तो सरळ खाली येऊन मेंढपाळाच्या रिकाम्या मुठीवर बसला.

मेंढपाळ हसला. त्याच्या दुसऱ्या हातात काठी होती.

“पाहिलंत?” रंगरावने मोज्यासाठी हात पुढे केला.

उस्ताद सावकाश टेकडी उतरले. त्यांनी पक्षी आपल्या हातावर घेतला आणि वाद्या पुन्हा आवळून बांधल्या.

“सोडायचा नाही?” मागोमाग धावत आलेल्या रंगरावने विचारले.

उस्तादांनी वाद्यांची गाठ ओढून पाहिली.

“उस्ताद?”

“त्या बेटावरची जात संपायला किती वर्षं लागली रे?”

“शंभरसुद्धा नाही.”

“तुला एक हंगाम पुरला.”