आधी पाणी वरच्याला

लावा पैज, ह्या गोष्टीचा शेवट ओळखता येतो का बघा. खटला हरलेला नव्हे, जिंकलेला माणूस यात रडतो. एवढं फुकटात सांगितलं. का रडतो, ते तुम्ही ओळखा.

डोंगराखालच्या एका गावी बहिरजी नावाचा पानमळेवाला होता. बंधाऱ्यातून निघालेला पाट आधी त्याच्या मळ्याला लागायचा, मग खालच्या शिवारात जायचा. पण गावाची रीत उलटी. पाणी पहिल्यांदा पाटाच्या शेपटाला, म्हणजे अगदी खालच्या शेताला. मग एकेक करत वर. बहिरजीची पाळी सगळ्यात शेवटी. रीत लावणारे म्हातारे बेरकी होते. वरच्याला पाणी हवं ना, मग त्यानंच पाट साफ ठेवावा, फुटला तर बुजवावा, खालच्याचं लवकर भिजावं म्हणून झटावं.

एका साली पावसानं दडी मारली. बंधारा तळाला गेला. पाणी बहिरजीच्या पायाशी खळखळत पुढं जायचं आणि त्याच्या वेली माना टाकून बघत राहायच्या. आजानं लावलेला मळा. पानवेल एकदा वाळली की परत फुटत नाही. बहिरजीला अन्न गोड लागेना.

शेपटाला गजराबाईचं मिरचीचं शेत होतं. तो तिला म्हणला, "वहिनी, यंदा आधी माझं भिजू द्या."

"भाऊजी, तुमचं भिजल्यावर मला चिखल तरी उरंल का?"

"मग कचेरीतच भेटू."

"जावा की. तिथं पाणी मिळतं का, तेबी बघून या."

गावच्या पंचांनी बहिरजीला हाकललं. परगण्याच्या हाकिमानंही हाकललं. मग तो राजाच्या थोरल्या कचेरीत गेला. तिच्या वर दाद मागायला दुसरी जागाच नाही. तिथं ठरेल ते साऱ्या मुलखाला लागू, आणि गावोगाव त्याची दवंडी.

गजराबाईच्या बाजूनं बोलायला कुणी आलंच नाही. शेत सोडून येणार कोण?

बहिरजी म्हणला, "सरकार, पाणी वरून खाली वाहतं. ज्याचं रान आधी लागतं, त्याचा हक्क आधी. मधी रीत कशाला?"

न्यायाधीश म्हातारे. त्यांनी एवढंच विचारलं.

"तुझ्या वर कुणाचं रान आहे?"

"कुणाचंच नाही. बंधाऱ्यापर्यंत नुसता खडकाळ माळ आहे. शेरडंबी तोंड लावत नाहीत."

"हा निवाडा तुझ्या एकट्याचा राहणार नाही. अजून वेळ आहे, अर्ज मागं घे."

"निवाडा द्याच, सरकार. घरी मळा मरतोय."

न्यायाधीशांनी निवाडा दिला. आधी पाणी वरच्याला.

मळा तरारला. गजराबाईची मिरची उभी जळली. ती लेकरं घेऊन माहेरी गेली. मग तिच्या वरचा गेला, मग त्याच्या वरचा. बहिरजी पानं खुडत होता. त्याला कुठलं लक्ष?

दवंडी मात्र बाजारपेठेत पोचली होती. तिथल्या सावळाराम शेठनं ती कान देऊन ऐकली. जुन्या रीतीनं ज्या माळाची पाळी बहिरजीच्याही मागून आली असती, तो आता पहिला झाला. शेठनं माळ सरकारातून मातीमोलानं घेतला, गाड्या भरभरून गाळ टाकला आणि ऊस लावला.

उन्हाळ्यात बहिरजी मळ्यात पाण्याची दारं धरायला गेला, तर पाट कोरडा. वर उसाच्या सऱ्या तुडुंब.

"शेठ, जरा खाली सोडा."

"सोडतो की. ऊस पुरे म्हणाला, की लगेच."

बहिरजी पळतच थोरल्या कचेरीत गेला. "सरकार, जुनी रीत परत लावा."

न्यायाधीश म्हणले, "रीत गावाची असते. गाव घेऊन ये."

तो गावात फिरला. खालच्या घरांना कुलपं. शेवटी गजराबाईचं माहेर गाठलं. ती दळण निवडत होती.

"वहिनी, चला माझ्यासंगं कचेरीत."

"भाऊजी, तिकडं आता माझं काय हाय?" तिनं मान वर केली नाही.

बहिरजी घरी आला तोवर वेली कडकडीत वाळल्या होत्या. आजानं लावलेला मळा त्यानं रडत रडत आपल्या हातानं ओढून काढला आणि चुलीला घातला.

तात्पर्य: निवाडा मागताना वर उभं राहून मागू नये. उद्या आपण खाली असलो तरी सोसेल, तेवढाच मागावा.