तीन डागांची चाकं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजाच्या महालातलं पीठही जात्यावर दळलं जायचं, आणि ती जाती डोंगरापलीकडून बैलगाडीनं यायची. लहानांनो, मांडी घालून बसा. मोठ्यांनो, तुम्हीही बसा. ही गोष्ट खरं म्हणजे तुमचीच आहे, कारण लहान पोरं एवढी जळत नाहीत.

तर डोंगराच्या पायथ्याशी पाथरवटांचं एक गाव होतं. तिथं दगडाची जाती घडायची, पाटे-वरवंटे घडायचे. घाट ओलांडला की पलीकडं राजाचं शहर, आणि शहरात आठवड्याचा बाजार. गावात दोन गाडीवान होते. एकाचं नाव म्हाळू, दुसऱ्याचं हैबती.

म्हाळू दगड वाहायचा. त्याचा जोडगाडा होता. म्हणजे पुढं बैलगाडी, तिच्यात पाटे-वरवंटे. आणि तिच्यामागं जोडलेला दुसरा बुटका गाडा, त्यात मोठाली जाती. मागच्या गाड्याची दांडी पुढच्या गाडीच्या शेपटावर टेकलेली असे. त्या भारानं पुढची गाडी उलाळू नये, म्हणजे मागं कलंडून तिचं तोंड वर होऊ नये, म्हणून तिच्यात पुढच्या अंगाला पाटे-वरवंटे ठासून भरावे लागत. आता तुम्हीच सांगा, एवढा सगळा भार कुणावर आला? पुढच्या गाडीच्या दोन चाकांवर. बघणाऱ्याला वाटे, मागचं ओझं मागं आहे. चाकांना विचारा म्हणजे कळेल!

आणि हैबती काय वाहायचा? चुरमुरे. हसू नका. कुणीतरी चुरमुरेही वाहायला लागतात. त्याच्या गाडीत पोत्यांचा हा एवढा डोंगर दिसे, पण फुंकर मारली तर उडून जाईल. त्याची चाकं बारीक आऱ्यांची, लाल रंगवलेली. घाटात ती नुसती नाचत जायची.

बाजाराच्या दिवशी हैबती सकाळीच शहरात पोचून चिंचेखाली पाय पसरायचा. म्हाळू पोचायचा दुपारी, घामाघूम, मिशीला धूळ. वेशीवरचा नाकेदार हैबतीला म्हणायचा, "या हैबतराव!" आणि म्हाळूला म्हणायचा, "आलास का रे?"

झालं. एवढ्यावरून म्हाळूच्या पोटात दुखायला लागलं.

माणसाच्या पोटात एकदा असं दुखायला लागलं ना, की ओव्याच्या अर्कानंही उतार पडत नाही. जेवताना हैबती, झोपताना हैबती. हैबतीची चाकं लाल का? हैबतीचे बैल ताठ का? हैबती गाणं म्हणत का जातो? बायको भाकरी वाढायची, आणि हा भाकरीकडं बघत दात खायचा.

त्याच्या बायकोचं नाव राही. बाई मोठी रोखठोक. एक दिवस ती म्हणाली, "अहो, तो चुरमुरे वाहतो, तुम्ही दगड वाहता. उशीर होणारच की!"

"तू पण त्याचीच बाजू घे!" म्हाळू उसळला.

"मी कुणाचीच बाजू घेत नाही. मी फक्त माझ्या बैलांची बाजू घेते," राही म्हणाली.

ते बैल होतेच तसे. चांद्या आणि सोन्या. गाय मेली तेव्हा दोघं इवलेसे होते. राहीनं त्यांना कापडाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं होतं, पुढं पेज पाजून वाढवलं होतं. पंचक्रोशीत तशी जोडी नव्हती. घरातलं जे काही होतं ते त्या दोन खांद्यांवर होतं, आणि राहीचा जीव त्यातल्या चांद्यात जरा जास्तच होता.

एके वर्षी म्हाळूच्या गाडीची चाकं झिजली. आरे खुळखुळायला लागले, चाकाभोवतीची लोखंडी धाव, म्हणजे पट्टी, सैल झाली. नवी चाकं करायला हवी होती.

चाकं करायची तर नदीकाठच्या सुतारबाबाकडं जायचं. हा म्हातारा नुसता गाडी बघून चाकं करत नसे. त्याची एक रीत होती. गाडीवानानं आपलं नेहमीचं ओझं भरून, मागं काही जोडत असेल तर तेही जोडून, गाडी नदीच्या ओल्या वाळूत उभी करायची. मग बाबा उकिडवा बसून चाक किती बोटं रुतलं ते मोजायचा. जितकी बोटं, तितक्या भाराचं चाक. चाक तयार झालं की तापल्या सळईनं त्याच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या गड्ड्यावर, तितके डाग द्यायचा. तीन डागांचं चाक हलकं, सहा डागांचं दणकट. डाग बघून कुणालाही कळावं, की या चाकावर किती लादायचं आणि कुठं हात जोडायचे.

म्हाळूची जुनी चाकं सहा डागांची होती. हैबतीची तीन.

म्हाळू बाबाकडं गेला आणि म्हणाला, "बाबा, या वेळी मला हैबतीसारखी चाकं करा."

"हैबतीसारखी?" बाबानं भुवया चढवल्या. "का? तूही चुरमुरे वाहायला लागलास?"

"नाही. पण माझी चाकं बघा, हत्तीच्या पायासारखी! त्याला तुम्ही नाजूक, देखणी चाकं देता आणि माझ्या गळ्यात हे ओंडके बांधता. असं का? मी तुमचं काय घोडं मारलं?"

"अरे येड्या, तुझ्या मागं गाडा असतो. त्याचा भार तुझ्या या चाकांवर येतो. तुला सहा डागच लागतात. पाच दिले तरी मला रात्री झोप लागायची नाही."

म्हाळू तोंड आंबट करून परतला. वाटेत त्याच्या मनानं काय सांगितलं असेल त्याला? मनानं सांगितलं, म्हातारा हैबतीचा आहे. चांगलं लाकूड हैबतीला, उरलंसुरलं तुला. तू कायम मागं राहावंस, हाच यांचा डाव.

हेव्याला पुरावा लागत नाही, मंडळी. तो आपला आपण साक्षीदार होतो.

आठ दिवसांनी म्हाळू पुन्हा नदीकाठी गेला. या वेळी मागचा गाडा घरीच ठेवला होता. पुढच्या गाडीत निम्मे पाटे-वरवंटे भरले होते. त्यानं गाडी वाळूत उभी केली.

"मागचा गाडा कुठाय?" बाबानं विचारलं.

"मोडीत काढला, बाबा. आता वय झालं. एका गाडीवरच भागवायचं ठरवलंय."

बाबानं त्याच्याकडं टक लावून पाहिलं. "तुंब्यावर हात ठेव आणि सांग."

ही पण तिथली रीत होती. गाडीवान सगळीकडं खोटं बोलेल, पण तुंब्यावर हात ठेवून ओझ्याबद्दल खोटं बोलणार नाही, असं त्या मुलखात मानत. म्हाळूचा हात क्षणभर थांबला. मग त्याच्या डोळ्यांपुढं चिंचेखाली पाय पसरून बसलेला हैबती आला. त्यानं तुंब्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मागं काही जोडणार नाही."

बाबा खाली बसला. चाक तीनच बोटं रुतलं होतं. वाळू कधी खोटं सांगत नाही, पण तिच्यावर जे ठेवाल तेवढंच ती सांगते. बाबानं मान डोलावली आणि तीन डागांची चाकं करून दिली. म्हाळूनं ती लालही रंगवून घेतली. हैबतीच्या चाकांपेक्षा जरा जास्तच लाल.

बाजाराच्या दिवशी पहाटेच म्हाळूनं गाडी जुंपली. मागं गाडा जोडला, जाती भरली. राही कण्या घेऊन बैलांपाशी आली आणि तिची नजर चाकांवर गेली.

"अगंबाई! ही तीनच डागांची? यांवर एवढं ओझं?"

"बाबानं मोजून दिलीत. तुला काय कळतंय त्यातलं?"

"बाबानं मोजून दिली असतील तर मी गप्प बसते," राही म्हणाली. तिनं चांद्याच्या गळ्यावरून हात फिरवला. "पण सांभाळून न्या. गाडी मोडली तर दुसरी करता येईल. माझी जोडी मला परत आणा."

सपाटीला गाडी अशी पळाली म्हणता! म्हाळू हरखून गेला. घाटाच्या तोंडाशी त्यानं हैबतीला गाठलं आणि ओलांडलंसुद्धा. जाता जाता त्यानं मिशीवर ताव दिला.

हैबतीचं गाणं अर्ध्यावर थांबलं. तो ओरडला, "ए म्हाळू! अरे ही तर माझ्या मापाची चाकं! तुझ्या मागं गाडा आहे बाबा! थांब, उतर, घाट चढू नकोस!"

म्हाळूनं काय ऐकलं असेल? त्यानं ऐकलं, हैबती जळतोय. इतकी वर्षं मी जळलो, आता तू जळ! त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या आणि घाट धरला.

पहिल्या वळणावर चाक कुरकुरलं. म्हाळू म्हणाला, नवं आहे, कुरकुरायचंच. दुसऱ्या वळणावर एक आरा कडकडला. मागं हैबती येत होता. थांबलो तर तो पुढं जाईल! म्हाळू थांबला नाही.

तिसऱ्या वळणाला चढ उभा आहे. तिथं पुढचे पाटे-वरवंटे घसरून मागं आले. मागच्या गाड्याची दांडी शेपटावर दाबून बसली. डावं चाक एकदाच मोठ्यानं कडाडलं आणि आडवं झालं. गाडी डाव्या अंगावर कलंडली. मागचा गाडा जात्यांसकट आडवा फिरला. जू पिरगळलं आणि डावीकडचा चांद्या त्याच्याखाली दगडावर आपटला. त्याचा पुढचा पाय खांद्यापाशी मोडला. घाटात त्याचा हंबरडा घुमला, आणि म्हाळूची सगळी ऐट तिथंच गळून पडली.

"चांद्या! अरे चांद्या!" तो जू उचलायला धावला. एकट्याला ते हलेना.

तेवढ्यात हैबती पोचला. त्यानं जुवाला खांदा लावला. दोघांनी मिळून चांद्याला मोकळं केलं. मग हैबतीनं आपली पोती भराभर रस्त्यावर फेकली. दोन-चार फाटली आणि चुरमुरे वाऱ्यावर दरीत उडून गेले. वाटेवरच्या चार माणसांना हाका मारून त्यानं चांद्याला आपल्या रिकाम्या गाडीत निजवलं.

म्हाळू रडत होता. म्हणाला, "हैबती, तुझं नुकसान झालं रे. आणि मी तर तुझ्यावर जळत होतो. तुझ्या चाकांवर जळत होतो."

"माझ्या चाकांवर?" हैबतीला धड हसूही येईना. "अरे, माझे बैल बघ जरा. म्हातारे झालेत, ताठ दिसतात नुसते. तीन वर्षं मी सुतारबाबाच्या हातापाया पडतोय, मलाही सहा डागांची चाकं द्या, मलाही दगड वाहू द्या म्हणून. बाबा म्हणतो, तुझ्या बैलांना पेलायचं नाही, तू आपले चुरमुरेच वाहा. ती चाकं मला लाडानं नाही दिलेली, म्हाळू. तुझा जोडगाडा घाट चढताना बघायचो ना, तेव्हा मन कुढू नये म्हणून मला गाणं म्हणावं लागायचं."

म्हाळू गाडीत चढला आणि चांद्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

राहीनं दारातूनच गाडी पाहिली. तिनं चांद्याच्या पायाला हात लावला, मग चाकाचा तुकडा पाहिला, आणि नवऱ्याला एकच विचारलं, "बाबाला वाळूत काय दाखवलं होतंत?" म्हाळूनं सगळं सांगितलं. त्यानंतर ती कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही.

हाडवैद्यानं पाय बांधला. चांद्या जगला, पण वैद्य म्हणाला, "याच्या खांद्यावर आता जू ठेवायचं नाही. कधीच नाही." तशा जोडीचा दुसरा बैल कुठून मिळणार? सोन्याच्या शेजारी एक किरकोळ बैल आणून जुंपला. जोडगाडा गेला. जात्यांचं काम पलीकडच्या गावच्या गाडीवानाकडं गेलं.

म्हाळू पुन्हा नदीकाठी गेला. या वेळी त्यानं गाडीला जुनीच चाकं लावून नव्या जोडीला झेपेल तेवढंच ओझं खरंखरं भरलं होतं. तो सुतारबाबाच्या पाया पडला. बाबा त्याला रागावला नाही. गुडघ्यावर हात टेकत खाली बसला, चाकाच्या बाजूला बोटं घातली, आणि वर न बघता म्हणाला, "तीन. आता तुझ्या मापाची झाली बघ."

म्हाळूनं ती चाकं घरी आणली. रंग काही दिला नाही.

त्यानंतर रोज सकाळी असं व्हायचं. म्हाळू जू उचलायचा. त्याचा आवाज ऐकून गोठ्यातला चांद्या तीन पायांवर लंगडत पुढं यायचा आणि सवयीनं मान खाली घालून उभा राहायचा. त्याला वाटायचं, आपली पाळी आहे. म्हाळूला रोज त्याची मान हातानं बाजूला सारावी लागायची, आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत दुसरा बैल जुंपावा लागायचा.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि मोठ्यांनो: दुसऱ्याचं चाक मागण्याआधी आपलं ओझं खरं मोजा, कारण हेवा आपण करतो आणि त्याखाली चिरडतं आपलं माणूस, नाहीतर आपलं मुकं जनावर.