चोरी न होणारं नगर

सटवाजी परटाचं गाढव चोरीला गेलं, आणि तुरुंगात गेला सटवाजी!

त्याचा गुन्हा? भर चौकात उभा राहून तो ‘चोरी झाली हो!’ असं ओरडला.

आंबेघळच्या मानधवल राजाला एकच नाद होता. आपलं नगर साऱ्या मुलखात सुरक्षित म्हणून गाजलं पाहिजे! पण चोर पकडायचे म्हणजे पहारे हवेत, आणि पहारेकरी जागे हवेत. एवढी यातायात कोण करणार? कोतवाल दाजीबानं सोपी वाट काढली. चोरीची तक्रार घेऊन जो येईल, त्यालाच आत टाकायचं! बघता बघता चोऱ्या थांबल्या. म्हणजे चोर होते तिथंच होते, तक्रारी थांबल्या. वेशीवर पाटी लागली, ‘येथे चोरी होत नाही’. ती पाटी कुणीतरी उचलून नेली. मग दुसरी लावली.

लोकही शहाणे झाले. “हंडा कुठं गेला गं?” असं शेजारणीनं विचारलं की बाई म्हणायची, “रुसून गेला!” कुणाची म्हैस माहेरी जायची, तर कुणाचं जातं हवापालटाला. सटवाजीला मात्र असलं गोड बोलणं कधी जमलंच नाही.

त्याची बायको गोजरा थेट दरबारात जाऊन उभी राहिली. “महाराज, माझ्या नवऱ्याला सोडा. गाढव गेलं, धनी गेला, आता गावभरचं धुणं मी एकटीनं डोक्यावरून किती वाहू?”

“गाढव चोरीला गेलं नाही,” दाजीबा मिशीला पीळ देत म्हणाला. “फिरायला गेलंय.”

“दावं कापून? त्याच्यापाशी विळा होता काय?”

दरबार खुसखुसला. राजाचे कान लाल झाले.

“जीभ फार चालते तुझी! मग ऐक. माझ्या नगरात चोर आहेत, असं माझ्याच तोंडून चारचौघांत वदवून दाखव. संक्रांतीचा दिवस मावळायच्या आत! वदवलंस तर नवरा सुटला. नाहीतर तूही त्याच्या शेजारी जाऊन बस!”

“बरं महाराज,” गोजरा म्हणाली आणि चालू लागली. राजाच्या तोंडून ते शब्द निघायचे म्हणजे रेड्यानं दूध द्यायचं! असं अख्खा दरबार म्हणाला.

संक्रांतीला राजानं नदीत स्नान करायचं, उतरवलेले कपडे घाटावर परटाच्या हवाली करायचे आणि परटानं आणलेले धुतलेले अंगावर घालायचे, अशी आंबेघळची जुनी रीत. सटवाजी कैदेत, म्हणून यंदा गाठोडं आणि टोपली घेऊन गोजरा आली. चोरी न होणारं नगर बघायला शेजारचे राजेही आले होते. सारं गाव घाटावर लोटलं होतं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी!

राजा लंगोटीवर पाण्यात उतरला. डुबकी मारून वर आला आणि बघतो तर काय, उतरवलेले कपडे गायब! धुतलेलेही गायब! गोजरा पायरीवर बसून तिळाचा लाडू खात होती.

“माझे कपडे?” राजा गळाभर पाण्यातून कुजबुजला.

“फिरायला गेले असतील, महाराज. हवा छान आहे.”

राजाला डाव कळला. त्यानं दात आवळले. मेलो तरी तो शब्द काढणार नाही! “दाजीबा! माझे कपडे शोध!”

दाजीबा धावत आला, अदबीनं वाकला. “शोधतो महाराज. पण दवंडी काय पिटू? रुसून गेले, की हवापालटाला गेले?”

“काहीही पीट! कपडे आण!”

“रुसलेल्यांना शोधायची आपल्याकडं पद्धत नाही, महाराज. मनात आलं की येतात. तोवर धीर धरावा.”

“का हो मानधवलराव,” पाहुणे राजे काठावरून ओरडले, “अजून किती डुंबणार?”

राजाचे ओठ निळे पडले होते. “धीर? इथं? पाण्यात?”

“रुसून गेलं म्हणणाऱ्या सगळ्यांना मी हेच सांगतो,” दाजीबा आनंदानं म्हणाला. “लोक अगदी समाधानानं घरी जातात!”

“समाधानानं?” राजा गरजला. “अरे ठोंब्या! भर दिवसा, तुझ्या नाकासमोरून माझे कपडे चोरले! चोर माजलेत या नगरात, चोर!”

घाटावरच्या साऱ्या माना कोतवालाकडं वळल्या.

गोजरा उठली. हाताला लागलेले तीळ तिनं झटकले. “कोतवालसाहेब, ऐकलंत ना? चोरी झाली म्हणेल त्याला कैद, हा हुकूम तुमचाच. आता महाराजांना बेडी घाला, नाहीतर माझ्या नवऱ्याची काढा. पण लवकर ठरवा, पाणी गार आहे!”

दाजीबानं राजाकडं पाहिलं, मग आपल्या कमरेच्या किल्ल्यांकडं पाहिलं, आणि मटकन खाली बसला. पाहुणे राजे पोट धरून हसू लागले. राजा क्षणभर डोळे वटारून बघत राहिला. मग त्यालाही असं हसू फुटलं की नाकातोंडात पाणी गेलं!

“जिंकलीस बाई! सोडा रे त्या सटवाजीला! पण आता कपडे दे!”

गोजरानं शेजारची पालथी टोपली उचलली. खाली कपड्यांची नीट घडी होती.

कपडे चढवून राजा म्हणाला, “सटवाजीला माझ्या पागेतून खेचर देतो. तुला काय हवं ते माग.”

“एकच मागणं आहे. ह्यापुढं लोकांच्या तक्रारी कोतवालसाहेबांनी रोज सकाळी ऐकाव्यात.”

“एवढंच ना? ऐकेल की!”

“पण चौकीत बसून नाही, महाराज. आत्ता आपण उभे होता ना, तिथं उभं राहून. दरबारात महिनोन्महिने जे कुणाला पटलं नाही, ते इथं आपल्याला चटकन पटलं!”

राजा पुन्हा हसला, इतका की पाहुण्यांनी त्याला धरून ठेवलं. “दिलं!”

दुसऱ्या दिवशी उजाडताच घाटावर ही रांग! दाजीबा गळाभर पाण्यात कुडकुडत उभा. रांगेतली पहिली म्हातारी पायरीवर ऐसपैस बसली, तिनं पानाचा डबा उघडला आणि म्हणाली, “घाई नाही ना रे कोतवाला? माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून सांगते!”