पाठमोरं तळं

संपदाची झोप उडवणारी काळजी चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. सोमवारपासून जुईची दिवसभराची शाळा सुरू होणार होती, आणि आईने भरवल्याशिवाय ही पोरगी घास गिळत नव्हती. संपदाने या विषयावरचे लेखही वाचले. लेखांतली मुलं गाजरं मागून खात होती.

उघड्यावर, इतरांना जेवताना बघून तरी पोरगी आपल्या हाताने खाईल, म्हणून रविवारी ती जुईला पाठमोऱ्या तळ्यावर घेऊन आली. तिथे तिकीट नाही, पाळणे नाहीत. गावातले लोक डबा बांधून येतात आणि पायऱ्यांवर बसतात. वरच्या पायऱ्या घडीव दगडाच्या आहेत. सगळ्यात खालची मात्र भाकरीएवढ्या, चपट्या, गोल दगडांची.

"पहिलीच खेप न्हवं?" पायरीवर बसलेल्या केरबातात्यांनी विचारलं. "मग डबा उघडू नगंस. आधी ऐक."

फार मागे, सलग दुष्काळ पडले तेव्हा गावाने हे तळं खोदायला घेतलं, असं सांगतात. खोदणाऱ्यांची भाकरीची गाठोडी बाभळीला टांगलेली असत. भागू नावाच्या बाईच्या घरात पीठच उरलं नव्हतं. पण मागायचं कुणाकडे? ती फडक्यात भाकरीएवढा दगड बांधून आणायची, आणि दुपारी लेकराला घेऊन लांब, पाठ करून बसायची.

एकदा येसू म्हातारीच्या हाती चुकून तिचं गाठोडं आलं. वजनावरून म्हातारी समजली. तिने ते होतं तिथे परत टांगलं. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना सांगितलं, म्हणे, की देवी स्वप्नात आली होती: आपलं गाठोडं आपण सोडायचं नाही, दुसऱ्याचं घ्यायचं. खड्ड्याकडे तोंड करून खायचं. दुसऱ्याच्या पुढ्यात पाहिलं, तर पाणी लागणार नाही.

त्या दिवशी भागूचं लेकरू जेवलं. दगड ज्याच्या वाट्याला आला, तो उपाशी राहिला आणि दगड मुकाट्याने खालच्या पायरीत बसवून कामाला लागला. असं रोज चाललं. पुढे पाणी लागलं.

"पाणी देवीनं दिलं का कुदळीनं, मला ठावं न्हाई," तात्या म्हणाले. "पर पायरी भरली तवा लोकांनी बघितलं, दगड लई हुते. एकट्या भागूचं एवढं कसं असतील?"

संपदाने खालची पायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. म्हणजे दगड बांधून आणणारी घरं बरीच होती.

आजही तळ्यावर कुणी स्वतःचा डबा उघडत नाही. शेजारच्याशी बदलायचा, पाण्याकडे तोंड करायचं, आणि कोण काय खातंय ते पाहायचं नाही.

"घ्या वैनी, बदला," शेजारच्या बाईने डबा पुढे केला.

"आमच्या जुईला माझ्याच हातचं लागतं हो."

"मग तर मी खातेच! बघू तरी कसला हात हाय त्यो."

बाईच्या डब्यात भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. संपदाने सवयीने घास मोडला. जुईने ओठ घट्ट मिटले. तात्या खाकरले. संपदाने घास खाली ठेवला, डबा दोघींच्या मध्ये सरकवला आणि पाण्याकडे तोंड केलं. म्हणजे, तोंड तेवढं केलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला दिसत होतं: छोटा हात डब्याकडे गेला, भाकरीचा तुकडा उचलला, भरतात बुडवला आणि तोंडाजवळ येऊन थांबला.

"आई, चोरून नको ना बघू," जुई म्हणाली. "तू पाण्याकडे बघ."