हणमंताची चौथी खेप

डोंगरवाकी गावात एक भोळा हणमंत राहत होता. भोळा म्हणजे मूर्ख नव्हे, असं त्याची आई सांगायची. आई सोडून दुसरं कुणी तसं सांगत नसे.

हणमंत तालुक्याच्या गावी नर्सिंग शिकत होता. बाकीचे विषय कसेबसे सुटले होते, एकच अडला होता. शरीर कसं चालतं आणि आतली रसायनं काय काय करतात, त्याचा पेपर. हणमंत तीनदा बसला आणि तीनदा नापास झाला. मंडळाचा नियम चार खेपांचा. चौथी गेली की नर्सिंग कायमचं गेलं. गावातल्या उपकेंद्राला दोन वर्षं कुलूप होतं. ते उघडून आपण तिथं बसावं, आल्यागेल्याला औषधपाणी करावं, एवढीच त्याची इच्छा होती. इच्छा चांगली होती, त्यात वाद नाही.

सकाळी तो तिथल्या इस्पितळाच्या वॉर्डात काम करायचा. तिथं सालोमी सिस्टर होत्या. दुपारी तो उखळीकर सरांच्या क्लासला जायचा. सरांनी स्वतःचा प्रश्नसंच छापला होता. त्यात प्रश्न दोन हजार होते आणि बरोबर उत्तरं त्याहून थोडी कमी होती. सरांनी आयुष्यात एकही पेशंट पाहिला नव्हता, त्यामुळं त्यांच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता.

"हणमंता," सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "उत्तर येत नसलं की काय करायचं?"

"रडायचं, सर."

"'वरीलपैकी सर्व' यावर खूण करायची. मंडळाला तो पर्याय फार आवडतो."

"असं होय! आता ध्यानात ठेवतो," हणमंत म्हणाला.

आणि त्यानं ठेवलं. ध्यानात ठेवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सालोमी सिस्टरांनी विचारलं, "सात नंबरच्या मावशींना आत्ता काय द्यायचं? इन्सुलिन, नाश्ता, का जुलाबाचं औषध?"

हणमंताला उत्तर येत नव्हतं.

"वरीलपैकी सर्व," तो म्हणाला आणि ट्रे घेऊन निघाला.

मावशी नुसत्या चहाची वाट बघत होत्या. सिस्टरांनी धावत जाऊन ट्रे हिसकावला म्हणून त्यांचं चहावर भागलं.

"अरे बाबा, माणसं आहेत ही!" सिस्टर ओरडल्या. "इथं अंदाजपंचे चालत नाही. आधी तपासायचं, मोजायचं, मग लिहायचं. आणि विचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही."

"असं होय! आता ध्यानात ठेवतो."

त्याच दुपारी क्लासला चाचणी होती. पहिला प्रश्न आला, निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला किती वेळा श्वास घेतो? खाली चार आकडे होते. हणमंतानं आकड्यांकडं बघितलंच नाही. त्यानं शेजारच्या रेवणची रीतसर परवानगी घेतली, त्याच्या पोटावर हात ठेवला आणि घड्याळ लावलं. रेवणला गुदगुल्या झाल्या. आकडा आला चव्वेचाळीस. चव्वेचाळीस पर्यायांत नव्हता, म्हणून हणमंतानं पाचवा पर्याय स्वतः लिहिला आणि त्यावर खूण केली.

दुसरा प्रश्न होता, माणसाच्या शरीरात सुमारे किती लिटर रक्त असतं? हणमंतानं पुन्हा परवानगी मागितली. मग उत्तर लिहिलं, "रेवण नको म्हणाला."

सरांनी पेपर तपासला आणि चष्मा काढून ठेवला.

"एका प्रश्नात इतका वेळ घालवतात का? अवघड दिसला की सोडायचा. सोपे आधी उरकायचे. शेवटी वेळ उरला तर अवघडाकडं बघायचं, नाही उरला तर नाही. आपलं काय जातंय?"

"असं होय! आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी त्याला बारा पेशंटची नाडी, ताप आणि श्वास मोजून आणायला सांगितलं. हणमंत अर्ध्या तासात परत आला. सिस्टर खूश झाल्या. मग त्यांनी कागद बघितला.

"तीन नंबर कोराच आहे. आजोबांचं काय?"

"ते अवघड आहेत, सिस्टर. धाप लागलीय, ओठ निळे पडलेत. म्हणून सोडलेत. वेळ उरला तर बघतो."

सिस्टर पळाल्या. त्यांनी ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं, आजोबांच्या पाठीशी उशा लावल्या. तासाभरानं आजोबांच्या ओठांना रंग आला. आजोबा वाचले. यात हणमंताचा काही दोष नव्हता.

या वेळी सिस्टर ओरडल्या नाहीत, तेच वाईट झालं. त्यांनी हणमंताला खिडकीपाशी नेलं.

"ज्याची अवस्था सगळ्यात वाईट, तो पहिला," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं तिथंच टाकायचं. ओरडून डॉक्टरांना बोलवायचं, लाजायचं नाही. आणि तो शुद्धीवर येईस्तोवर त्याच्याजवळून हलायचं नाही. कुणी काय वाट्टेल ते म्हणू दे. कळलं?"

हणमंताचे डोळे भरून आले. त्याला मनापासून लाज वाटली होती.

"असं होय," तो हळूच म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

त्यानंतर दोन महिने त्यानं खरंच अभ्यास केला. स्वादुपिंड कुठं असतं, यकृत साखर कशी साठवतं, मूत्रपिंड काय गाळतं, सगळं त्याला यायला लागलं. रेवण प्रश्न विचारायचा आणि हणमंत उत्तर द्यायचा. उत्तरं बरोबर यायची. प्रश्नसंचात ती चुकीची छापलेली असली तरी यायची. या खेपेला हणमंत सुटला, असं रेवणनं सगळ्यांना सांगून टाकलं.

परीक्षा इस्पितळाच्याच मोठ्या हॉलमध्ये होती. शंभर प्रश्न, अडीच तास. खूण करायच्या आधी अख्खा पेपर वाचून काढायचा, असं सर म्हणाले होते. हणमंत वाचत गेला. पहिला येत होता. दुसराही येत होता. दहावा, विसावा, सगळे येत होते. हणमंताला इतका आनंद जन्मात कधी झाला नव्हता.

मग सत्ताविसावा प्रश्न आला. अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ. मधुमेह आहे. इन्सुलिन घेतलं, पण जेवले नाहीत. दरदरून घाम सुटला आहे, शुद्ध हरपली आहे. रक्तातली साखर अडतीस. तुम्ही सर्वप्रथम काय कराल?

हणमंत ताडकन उभा राहिला.

"डॉक्टर! डॉक्टरांना बोलवा! साखर अडतीसवर आलीय!"

हॉलमध्ये पळापळ झाली. दोन मिनिटांत डॉक्टर आले, मागोमाग स्ट्रेचर आलं.

"पेशंट कुठाय?"

"सत्तावीस नंबर!"

सत्तावीस नंबरच्या बाकावर एक मुलगी बसली होती. ती नको नको म्हणत असताना तिला स्ट्रेचरवर घेतलं आणि बोट टोचलं. साखर एकशे चार निघाली.

"त्या ताई नव्हेत हो," हणमंत कळवळून म्हणाला. "हे गृहस्थ. प्रश्न सत्तावीस."

डॉक्टरांनी प्रश्न वाचला.

"ग्लुकोज द्या त्यांना," ते म्हणाले आणि निघून गेले.

पर्यवेक्षक मॅडम भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. बसा आता, पेपर सोडवा. दोन तास आहेत अजून."

हणमंत बसला. अठ्ठाविसावा प्रश्न सोपा होता, त्याला येत होता. पण त्यानं सत्तावीसवरचं बोट उचललं नाही. एक तास झाला. मॅडम पुन्हा आल्या.

"अहो, पुढचे सोडवा की!"

"त्यांच्याजवळून हलता येत नाही, मॅडम."

घंटा झाली. मॅडमनी उत्तरपत्रिका घेतली. शंभरच्या शंभर रकाने कोरे होते. मग त्यांनी हणमंताच्या बोटाखालून प्रश्नपत्रिका ओढली.

"मॅडम, जरा अलगद न्या," हणमंत म्हणाला. "अजून शुद्ध आली नाही त्यांना."