पिशवीतला राउटर

मिरजेच्या प्रमिलाबाई आरवाड्यांच्या घरचं इंटरनेट आठ दिवस बंद होतं, आणि सुनेची नोकरीची ऑनलाइन मुलाखत उद्यावर आली होती. फोनवरची प्रत्येक तक्रार कंपनी ‘कनेक्शन सुरू आहे’ म्हणून मिटवून टाकायची. शेवटी बाई पिशवी घेऊन कंपनीच्या ऑफिसात थडकल्या.

मॅनेजरने खुर्चीतून न हलता स्क्रीन बघितला. “मावशी, तुमचा राउटर आत्ताही झकास चालू आहे. तुम्हालाच वापरता येत नाही.”

“असं? तेवढं लिहून द्या.”

त्याने ऐटीत लिहिलं, वर शिक्काही मारला.

कागद हातात पडताच बाईंनी पिशवीतून राउटर काढून त्याच्यासमोर ठेवला.

“सकाळीच भिंतीवरून उतरवलाय,” बाई म्हणाल्या. “आता आधी काय दुरुस्त करता, माझं इंटरनेट की तुमचा स्क्रीन?”